बापूला भरवणारी जिजी

शेजारी अंडं उकडलं, तरी जिजी आपल्या घराच्या खिडक्या लावून घ्यायची. जिजी माझी आत्या. म्हसावदला आमच्या भिंतीला भिंत लागून एकटी राहायची. तिच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलं नाही. अशा बाईच्या ओसरीत सुरतेहून कासव आलं.

ते तिच्या नातीचं, दियाचं. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून जिजीचा मुलगा प्लॅस्टिकच्या टबासकट ते ठेवून गेला. जाताना दियाने बजावलं, "जिजी, याला उपाशी ठेवू नकोस हं." जिजीने त्याचं नाव बापू ठेवलं.

सुरतेहून आणलेलं खाणं संपलं. तसलं गावात कुठे मिळणार? जिजीने आधी पालक दिला, काकडी दिली. बापूने तोंड फिरवलं. मुलगा फोनवर म्हणाला, "सुकट दे." दोन दिवस जिजीने पुन्हा पालक-काकडीच पुढे करून पाहिली. मग बाजाराच्या दिवशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून सुकटवालीपुढे उभी राहिली. त्या पुडीसाठी वेगळी पिशवी, वेगळा चिमटा. चिमट्याने एकेक सुकट पाण्यात सोडायची आणि आंघोळीला जायची. मी हसलो, की म्हणायची, "त्याना धरम त्याना, मन्हा धरम मन्हा."

त्या हिवाळ्यात थंडी कडक पडली आणि बापूने खाणं सोडलं. मान आत, डोळे मिटलेले. जिजी टब उन्हात सरकवायची, पाणी कोमट करायची. "खाय रे बापू, एक तरी खाय." पुढे पुढे तर चिमटा बाजूला पडला. ती बोटांत सुकट धरून त्याच्या तोंडाशी नेऊ लागली. तिचं स्वतःचं ताट तसंच झाकलेलं असायचं.

कोणीतरी नवापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. बापूला ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून आम्ही एसटीने गेलो. डॉक्टर भला माणूस. बराच वेळ बघून म्हणाले, "आजी, मला कोंबड्यांचं कळतं. याचं खरंच कळत नाही. ऊब द्या." जिजी हात जोडून उभीच राहिली. जणू अजून काही सांगतील.

घरी येऊन डबा उघडला. मान बाहेर आली होती, ती परत आत गेली नाही.

मुलगा म्हणाला, "दुसरं आणतो. दियाला कळणार नाही." जिजी म्हणाली, "पोरीसंगे खोटं बोलानं नही." तिने स्वतःच फोनवर सांगितलं. पलीकडून दिया रडत ओरडली, "तू त्याला खायलाच दिलं नसशील! तू तर मासे हातातसुद्धा धरत नाहीस!"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. जिजीने तो बाजूला सारला.

"हां बेटा," ती म्हणाली, "मन्हा हातनं त्यानी काही खादं नही."

पुढे दिया सुट्टीत आली, राहिली, हसली-खेळली, पण बापूचं नाव निघालं नाही. जिजीनेही काढलं नाही आणि मलाही काढू दिलं नाही. गेल्या वर्षी जिजी वारली. दहाव्याला आलेल्या दियाला मी ओसरीत बसवलं आणि सगळं सांगितलं. बाजार, नवापूरची एसटी, बोटांत धरलेली सुकट.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, आता मी कोणाला फोन करू?"