टॅपस्कॉटबाईंचं लाल फडकं

आमच्या गावच्या टेकडीवर एक पांढरा घोडा आहे. गवत खरवडून आत खडू ठोकलेला, लांबीला चर्चहूनही मोठा. कडेचं गवत आत सरकतं, म्हणून दर उन्हाळ्यात ते छाटून, नवा खडू ठोकून घोडा उजळावा लागतो. पण टेकडीवर उभं राहिलं की घोडा दिसत नाही, नुसता पांढरा पट्टा दिसतो. अख्खा घोडा दिसतो खालच्या पुलावरून. म्हणून पुलावर एकानं लाल फडकं घेऊन उभं राहायचं आणि वरच्यांना खुणा करायच्या: अजून डावीकडं, अजून उजवीकडं, बस्स.

हे काम ईनिड टॅपस्कॉट यांचं. आधी त्यांच्या आईचं होतं. नवरा गेला त्या वर्षीही बाई काळ्या कपड्यांत पुलावर हजर. जीभ तिखट. पबवाल्या हर्बर्टनं एकदा शेपूट वाकडं छाटलं, तेव्हापासून त्या त्याला 'शेपटा' म्हणूनच हाक मारायच्या.

मग त्यांची नजर गेली. कबूल करतील तर शपथ. पोस्टाच्या लाल पेटीला "बायको बरी आहे ना?" असं विचारताना मी त्यांना पाहिलंय. पण हातातलं फडकं काढून घ्यायची कुणाची छाती? शेवटी पबमध्ये ठरलं, बाईंना उभं राहू द्यायचं आणि आपण आदल्या दिवशी दुसऱ्याच कुणाला पुलावर उभं करून गुपचूप खुंट्या मारायच्या आणि त्यांच्या रेषेनं छाटायचं.

तसंच केलं. संध्याकाळी खाली उतरलो, तर बाई पुलाच्या कठड्यावर बसलेल्या.

"पुढचा पाय कसा झालाय?"

"तुम्ही दाखवलात तस्साच, बाई," हर्बर्ट म्हणाला.

"दुपारच्या जेवणानंतर मी फडकं उचललंच नाही रे, शेपटा."

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी फडक्याची घडी घातली, हर्बर्टच्या हातात ठेवली आणि घरी गेल्या. वर्षभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात फडकं हर्बर्टच्या बायकोकडं होतं. आम्ही वर खडू ठोकत होतो, एवढ्यात बाई धापा टाकत चढून आल्या, हातात नवऱ्याचा हातोडा. उभ्या जन्मात त्या घोड्यावर आल्या नव्हत्या. घोड्याच्या डोळ्यापाशी बसून, हातानं चाचपत त्यांनी ठोकायला सुरुवात केली. जरा वेळानं म्हणाल्या, "शेपटा, इथून तुला घोडा दिसतो का रे?"

"नाही, बाई."

"यांतल्या कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग सरक जरा तिकडं," बाई म्हणाल्या आणि ठोकत राहिल्या.