पिशवीतले फोन

माझ्या धाकट्या भावाला स्टेडियममधले सगळे तिजोरी म्हणतात. पैशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आयुष्यभर एका कचेरीत लिफ्ट चालवली, खिशात सुट्ट्या नाण्यांपलीकडे कधी काही नसायचं. पण त्याच्याकडे ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळते, म्हणून तिजोरी.

त्यांच्या रांगेत सात जण. वर्षानुवर्षं त्याच सात खुर्च्या. एकदा आपल्या टीमला पेनल्टी मिळाली, नेमका तेव्हाच रांगेतल्या न्हाव्याचा फोन वाजला आणि बॉल गोलवरून उडून गेला. एवढ्या लांब मैदानात त्या खेळाडूला फोन ऐकू गेला असेल का रे, असं मी विचारलं. सातही जणांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पेनल्टी मीच घालवली. तेव्हापासून नियम झाला. घरच्या मैदानावर मॅच असली की निघतानाच सगळ्यांचे फोन एका पिशवीत, पिशवी तिजोरीच्या मांडीवर, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत चेन उघडायची नाही. ती पिशवी मीच शिवून दिली, जुन्या पडद्याची, आवाज बाहेर येऊ नये म्हणून दुहेरी अस्तराची. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, पण तेव्हा माझीही अक्कल गहाणच पडली होती.

मागच्या मॅचला वायरमनची बायको घरात एकटी असताना कोसळली. वायरमन म्हणजे तिजोरीचा जिवाभावाचा दोस्त, बसतोही त्याच्या शेजारीच. शिट्टी झाली, चेन उघडली, तेव्हा त्याच्या फोनवर घरून आलेले कॉल होते. तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सगळे म्हणाले, एवढ्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार, कुणाचा दोष नाही. तिजोरीनंही मान हलवली.

चौथ्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालताना तो मला म्हणाला की पिशवी थरथरत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. आत सात फोन, कुणाचा ते कळत नव्हतं. पण हात पिशवीवर होता, आणि त्यानं चेन उघडली नाही.

त्या दिवसापासून माझा भाऊ घरात असून नसल्यासारखा. वाढलं तर जेवतो. ओरडलं तर ऐकून घेतो. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला त्याचा राग यायचा, मग तो रागही विझला. आमटी उतू जाताना दिसायची आणि गॅस बंद करायला उठावंसं वाटायचं नाही. एवढंच सांगितलं त्याला, की पुढच्या मॅचला वायरमन आला तर त्याला खरं सांग, नाहीतर त्याच्या शेजारी बसू नकोस. दोन्ही एकदम जमायचं नाही.

आज मॅच चारची. मैदान दोन गल्ल्या पलीकडे, झेंडे आमच्या पलंगाखाली, त्यामुळे सगळे नेहमी आमच्याकडूनच निघतात. दीडपासून माणसं यायला लागली. न्हाव्यानं रंगाच्या डब्या खिडकीत मांडल्या आणि एकेकाच्या गालांवर पट्टे ओढायला सुरुवात केली. दोघं मोठ्या झेंड्याच्या काठीला चिकटपट्टी गुंडाळत होते आणि डाव्या बचावपटूच्या गुडघ्यावर वाद घालत होते, जणू दोघंही डॉक्टर. तिजोरी टेबलाशी, पिशवी समोर. सारखं दाराकडे बघत होता.

वायरमन आला. दाढी अर्धवट, मफलर कसाबसा गुंडाळलेला. तो नीट बांधून द्यायचं काम वहिनींचं होतं. न्हाव्यानं रोजच्या गिऱ्हाइकासारखी त्याची हनुवटी धरली आणि पट्टे ओढले.

अडीचला पिशवी फिरली. पाच फोन पडले, तिजोरीनं स्वतःचा सहावा टाकला. वायरमन फोन हातात धरून उभाच. बाकीचे समजूतदार, झेंडे उचलून जिना उतरले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. जायला हवं होतं, गेले नाही.

"त्या दिवशी पिशवी थरथरत होती," तिजोरी म्हणाला. "मला कळत होतं. मी उघडली नाही."

वायरमन फोनची काच शर्टाला पुसत राहिला. मला वाटलं, आता हा हात उचलणार. उचलला असता तर मी अडवलं नसतं.

"माझा गुडघा तुझ्या मांडीला लागून होता," तो म्हणाला. "मलाही कळत होतं."

तिजोरीनं वर बघितलं.

"माझाच फोन होता. ती तसाच लावायची. थोडा वाजवायची, ठेवायची, परत लावायची. तिचाच आहे हे ओळखलं होतं मी. तुला म्हटलं असतं तर तू उघडली असतीस."

"उघडली असती," तिजोरी म्हणाला.

"आपण एका गोलनं पुढे होतो रे."

खालून न्हाव्यानं हाक मारली. महिनाभर मी घोकत होते की एकदा खरं बोलला की याचं ओझं उतरेल. उतरलं नाही. आता ते दोघांचं झालं, एवढंच.

मग वायरमननं फोन पिशवीत टाकला. तिजोरीनं तो बाहेर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"तुझ्याजवळ ठेव. नियम गेला खड्ड्यात."

"असू दे तिथंच," वायरमन म्हणाला. "मला आता फोन कोण करणार आहे?"