तक्रार विभागातली श्रीमंत माणसं

किस्से गोळा करायचे म्हणून कुणी नोकरी करत नाही. पण दिवसाचे आठ तास लोकांचं ओरडणं ऐकायचा पगार मिळत असेल, तर किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे तर पोत्यानं साठलेत!

आमची कंपनी द्राक्षबागेत फवारणी करायचे ब्लोअर बनवते. ट्रॅक्टरच्या मागे जोडायची ती मोठी टाकी आणि पंखा. नाशिक शहराबाहेर कारखाना, आणि त्याच्या एका कोपऱ्यात आमचा तक्रार विभाग. आम्ही चौघं. मी वैशाली. माझ्यासमोर बसणारी शबाना. गावोगाव जाऊन मशीन दुरुस्त करणारे आहेरकाका, मूळचे कळवणचे. आणि आमचे साहेब, निकम.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं माझ्या सात पिढ्या काढल्या. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. बाहेर आले तर दारात निकमसाहेब उभे. मला वाटलं, आता धीर देतील.

साहेब शांतपणे म्हणाले, "रडून घ्या. पण रोज नको. बाथरूम एकच आहे."

मग टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, हे लोक वाईट नाहीत. त्यांची बाग अडकलेली असते. आपण आपलं आत काहीतरी चालू ठेवायचं. आत रिकामं असलं ना, की बाहेरचं सगळं आत घुसतं."

तेव्हा मला कळलं नाही. साहेब स्वतः आत काय चालू ठेवतात, ते पुढे कळलं.

*

दर सोमवारी हेड ऑफिसची ऑनलाइन मीटिंग असते. दोन तास! तेच ग्राफ, तेच टार्गेट. आम्ही जांभया दाबत असतो आणि निकमसाहेबांचा चेहरा मात्र प्रसन्न. एकदा मी विचारलंच, "सर, तुम्हाला कंटाळा येत नाही?"

"येतो ना! म्हणून मी चालायला जातो."

"कुठे?"

"गावी. मनातल्या मनात. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. एकेक झाड, एकेक घर, घाई करायची नाही. गेल्या सोमवारी चिंचेखालीच अर्धा तास गेला. गावची पाण्याची टाकी अजून पुढेच राहिली."

पुढच्याच सोमवारी मोठ्या साहेबांनी अचानक पुकारा केला, "निकम, कुठपर्यंत आलंय?"

निकमसाहेब दचकले आणि खरं तेच बोलून गेले. "सर, टाकीपर्यंत!"

आम्ही डोळे मिटून घेतले.

तिकडून आवाज आला, "व्हेरी गुड! सगळ्यांनी ऐका. प्रोग्रेस असा एका शब्दात सांगता आला पाहिजे."

*

शबानाची तऱ्हा वेगळी. समोरचा माणूस तावातावानं बोलत असला की ती वहीत काहीतरी टिपत असते. मला वाटायचं, तक्रार लिहून घेतेय. एकदा वही पाहिली तर पक्ष्यांची नावं! फोन बागेतून येतात, मागे पाखरं बोलत असतात. ही ती ऐकते. इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या बाईनं निम्म्या जिल्ह्याचे पक्षी फोनवर गोळा केलेत.

एकदा दिंडोरीचा एक शेतकरी पाच मिनिटं श्वास न घेता भांडला. "तुमची कंपनी चोर हाय! मशीन नाय, डबडं हाय!" तो दम घ्यायला थांबला आणि शबाना न राहवून म्हणाली, "दादा, मागे बोलतोय तो भारद्वाज आहे का?"

मला वाटलं, गेली हिची नोकरी.

"भारद्वाजच हाय," पलीकडून आवाज आला, एकदम मऊ. "जोडी हाय. बांधावरच्या निंबावर घरटं केलंय औंदा."

मग दहा मिनिटं त्यांची घरट्यावर चर्चा. शेवटी त्यानं विचारलं, "ताई, पण मी फोन कशाला केला होता?"

*

आहेरकाकांनी चोपन्नाव्या वर्षी उर्दू वाचायला शिकायचं ठरवलं. का? तर मालेगावकडे कामाला जावं लागतं आणि तिथल्या पाट्या वाचता येत नाहीत. "आपल्याच जिल्ह्यातली पाटी आपल्याला वाचता येऊ नये, हे काय बरं नाय," म्हणाले. झालं! रोज चहाच्या वेळी शबानाची शिकवणी. काकांच्या हाताला ग्रीस, त्यामुळे वहीतलं पहिलं अक्षर अलिफ काळं, दुसरं बे त्याहून काळं.

मे महिन्यात एक पार्ट आणायला काका मालेगावला गेले. भर उन्हात अडीच-तीन तास बाइक हाणून. दुपारी शबानाला फोन. आनंदानं आवाज फुटत होता.

"मॅडम, वाचलं! मी सगळं वाचलं! कुणाला न विचारता!"

"काय वाचलंत, काका?"

"दुकान आज बंद आहे!"

*

आता शेवटचा किस्सा. दिंडोरीकडच्या सिंधूताईंचा. साठीच्या बाई, नवरा गेल्यापासून दोन एकर बाग एकट्या सांभाळतात. एका दुपारी त्यांचा फोन आला. पंपातला रबरी पडदा फाटला होता आणि आभाळ भरून आलेलं. पाऊस पडायच्या आत फवारणी झाली नाही, तर डावणी हा बुरशीचा रोग येणार आणि वर्षभराची मेहनत जाणार. एरवी अशा फोनवर माणसं रडतात किंवा शिव्या देतात. ताई एवढंच म्हणाल्या, "कधी येशान?"

"दोन तासांत," मी म्हटलं. पार्ट स्टोअरमध्ये होता, पण त्या शांत आवाजानं मला बसवेना. मीही आहेरकाकांच्या मागे बाइकवर बसले.

पोचलो तर आभाळ काळंभोर. आणि ताई बंद ट्रॅक्टरच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या, ओठ हलत होते. मी घाबरले. हाक मारली तर त्यांनी हात वर केला.

"दोन मिन्टं थांबा. तिसरा अंक चाललाय."

काकांनी हत्यारांच्या पिशवीतून पाने काढले. पडदा बदलेपर्यंत मला कळलं की ताई वीस वर्षं नाटकं रचतात. मनात. घडातले मणी विरळायचं काम करताना, मजुरांची वाट बघताना, लाइट गेल्यावर. आजवर सात झाली.

"लिहून ठेवता?"

"छे! बागेला म्हणून दाखवते."

ब्लोअर सुरू झाला. ताईंनी तोंडाला फडकं बांधलं आणि स्वतः ट्रॅक्टर ओळीत घातला. मी बांधावर उभी राहून आभाळाकडे बघत होते. एकेक ओळ संपत होती, मी उरलेल्या ओळी मोजत होते. शेवटची ओळ झाली तेव्हा दिवस मावळला होता, आणि पावसाचा थेंब नव्हता.

ताई खाली उतरल्या, हातपाय धुतले आणि काकांकडे जरा रागानंच बघत म्हणाल्या,

"तुम्ही माझा शेवट बिघडवला, बघा. माझ्या नाटकात मेकॅनिक येतच नाय!"