भाकरी आधी आत

बाळांनो, नोकरीसाठी उद्या विचारतो, असं तुम्ही दोघंही म्हणालात, म्हणून हे लिहिते.

सत्तरच्या दशकात निजामपुऱ्यात आमच्या घरासमोर कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. दिघाशी गावची एक बाई लाकडी कांड्यांवर सूत भरायचं काम मागायला रोज यायची, दाराशी पदर सारखा करायची आणि न विचारताच परतायची. तिच्या घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

“अगं, विचार तरी!” मी म्हणायची.

“उद्या इचारीन, बाय.”

एका सकाळी तिने आत जाणाऱ्या कामगार बाईकडे आपली भाकरी दिली. “आत ठेव गं.”

“आणि तू?” मी विचारलं.

“भूक लागली का जावाच लागंल ना आत!”

दुपारी ती आत गेली. शिफ्ट सुटल्यावर बाहेर आली, तेव्हा बोटांना सूत चिकटलेलं होतं.

तिने दिलेली लाकडी कांडी माझ्या शिवणाच्या डब्यात अजून आहे.