धुण्याचं पाणी

मुलुंडच्या डोंगरउतारावर आमची चाळ होती आणि खाली तळं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती कायमचीच, आणि आई वरच्या नव्या इमारतींमधलं धुणं धुऊ लागली. तळ्याच्या काठी तिचा दगड ठरलेला. दर नारळी पौर्णिमेला ती तळ्याची खणानारळाने ओटी भरायची. ज्याच्यात घाण सोडतो त्याची माफी मागायला नको का, असं तिचं म्हणणं.

मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. जमिनीतलं पाणी झिरपून तळ्यात येतं, त्याने तळ्याचं पाणी कसं बदलतं, हा माझा विषय. साधन अगदीच घरगुती. अर्धं कापलेलं पिंप काठाजवळच्या चिखलात पालथं रुतवायचं आणि त्याला नळी लावून रिकामी प्लास्टिकची पिशवी बांधायची. जमिनीतून वर येणारं पाणी पिशवीत साठलं की तपासायला न्यायचं. बाबा म्हणायचे, "शिकली सवरली आणि चिखलातच गेली."

त्याच सुमारास तळं हिरवं पडून वास मारू लागलं. इमारतवाल्यांना काठावरचा फेस तेवढा दिसला. त्यांनी पाटी लावली, इथे कपडे धुवू नयेत. माझं डोकंच फिरलं. कपडे कोणाचे, तर यांचेच. पण धुणं तर त्यांनाही हवं होतं, म्हणून इमारतीमागच्या नळावर धुवायची परवानगी मिळाली. आई खूश. चढउतार वाचला, पण तिचं खरं समाधान वेगळंच होतं. "आता माझा घाण पाणी तळ्यात जाणा नाय," असं ती शेजारणींना सांगत सुटली.

त्या इमारतींना गटार नव्हतं. संडासाचं, मोरीचं सगळं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जिरायचं आणि जमिनीखालून उताराने तळ्यात उतरायचं. त्या बाजूच्या माझ्या पिशवीत मैल्याचा अंश आधीपासूनच सापडत होता. नळाची मोरीही त्याच खड्ड्याला जोडलेली, त्यामुळे आता त्यात साबणही आला. आईला वाचता येत नव्हतं. गप्प बसले असते तर तिला कधी कळलंही नसतं.

एका दुपारी नळावर आम्ही दोघी चादर पिळत होतो. तिने विचारलं, "काय गो, तुझ्या पिशवीत आता बरा पाणी येता मां?"

तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. "नाही गं आई. तुझं साबणाचं पाणी खालून जातंच तळ्यात. यांच्या संडासाचंही जातं, पहिल्यापासून."

चादरीचं टोक हातात धरून ती उभी राहिली. तळ्याकडे बघितलं, मग वर इमारतीच्या खिडक्यांकडे.

"तुका ह्या लिवचा लागतला?"

"लागेल, प्रबंधात."

"मगे लिव," ती म्हणाली. "माझा नाव पयला घाल. फकत एकटीचा घालू नको."