मिनेसोटात लागू झालेलं कलम

शरदच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी नुकतीच मागच्या अंगणातून लिंबं तोडून आत आले होते. "वहिनी, शरदला हॉस्पिटलमध्ये नेलंय, लगेच या," त्याचा पार्टनर विनय म्हणाला. आवाजावरूनच मी काय ते समजले. शरद गेला त्याला आता काही आठवडे झाले, पण सनीव्हेलमधली ती दुपार माझ्यापुरती संपलेलीच नाही... उन्हात लिंबांचा वास तसाच तरंगतो आहे.

माझा नवरा चांगली नोकरी सोडून छोटी कंपनी काढणारा इंजिनिअर. सर्किट बोर्ड तपासायचं मशीन त्यानं मिनेसोटाहून मागवलं आणि ते आल्यापासून रुसलेलंच. कंपनी बुडायची वेळ आली, तेव्हा त्यानं इथल्या कोर्टात केस केली. पण कराराच्या शेवटी बारीक अक्षरात एक कलम होतं : वाद झाला तर तो मिनेसोटाच्या कोर्टातच चालेल. कॅलिफोर्नियाचा जज आपल्याला कशाला इतक्या लांब धाडेल, अशी शरदची खात्री. जज म्हणाले, सही तुम्ही समजून-उमजून केलीत. उघड अन्याय होत असेल तरच आमच्या राज्यात असं कलम बाजूला ठेवतात. लांब पडतं ही सबब चालत नाही.

तो पडल्या चेहऱ्यानं घरी आला. "आई, कलम लागू झालं. मिनेसोटात." सांगलीहून आलेल्या सासूबाई भाजी निवडत होत्या. काळजीनं म्हणाल्या, "अरे, एवढ्या बर्फात कलम जगेल का?" कितीतरी दिवसांनी आम्ही पोट धरून हसलो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं मिनेसोटात, ईडन प्रेरीला एका मित्राकडे राहिलो. बाहेर सगळं पांढरं, आवाजच नाही. कोर्टात जायचो तेसुद्धा झोपेत चालल्यासारखे. समोरासमोर बसल्यावर मशीन विकणारी माणसं नरमली, मशीन बदलून मिळालं. कंपनी वाचली.

परतल्यावर शरदनं नर्सरीतून लिंबाचं कलम आणून अंगणात लावलं. "नलू, हे आपलं कलम. घरातले सगळे वाद इथंच. किचनमध्ये केस चालणार नाही."

"आणि पाऊस असला तर?"

"गैरसोय ही सबब नाही, मॅडम!"

चपला शोधून तिथं पोचेपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा. लबाड होता तो.

परवा विनयनं खाली मान घालून सांगितलं, शरदच्या छातीत बरेच दिवस दुखत होतं. "म्हणाला, नलूला सांगू नकोस यार, ती लिंबाखाली उभं करेल." मला इतका राग आला, इतका... मी किचनमध्ये ओट्याशी उभी राहूनच शरदशी भांडायला सुरुवात केली. मग थांबले. त्याच्याच चपला पायात सरकवून अंगणात गेले.

लिंबाला पुन्हा फुलं आली आहेत. मी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हटलं, "ये ना. लांब पडतं ही सबब इथं चालत नाही, शरद."