म्हशीसमोरची प्रवरा

आमच्या घरात चित्रकलेतलं कळणारी एकटी म्हैस होती. हे मला अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर दोन वर्षांनी कळलं. मी वर्तमानपत्रात नोकरी करतो, त्यामुळे घरचं सगळं मला उशिराच कळतं.

अण्णा कोल्हारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि उरलेल्या पत्र्यावर स्वतःसाठी चित्रं काढायचे. त्यांतलं सर्वांत देखणं चित्र प्रवरा नदीचं. ते त्यांनी गोठ्यात ठोकलं होतं, चंद्री म्हशीच्या बरोबर समोर! (कलेचा हा अपमान मला फार सलायचा.) संगमनेरला जिल्ह्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं. आई बाजाराला गेल्याचं बघून मी पत्रा उपटला, शेणाचे शिंतोडे पुसले आणि टेम्पोत घालून तिकडे पोचवला. चित्राखालची चिठ्ठीही मीच लिहिली : 'कुटुंबाने जिवापाड जपलेले चित्र.'

संध्याकाळी चंद्री पान्हवेना.

"नदी कुठंय?" आईने भिंतीकडे बघत विचारलं.

"प्रदर्शनात. आठ दिवसांत येईल परत."

"तवर दूध काय तू देनार?"

मी तोडगा काढला. मला नोकरी लागली तेव्हा अण्णांनी माझंही चित्र काढलं होतं, टायसकट. माळ्यावरून ते काढून त्याच खिळ्यांना अडकवलं. चंद्रीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, बादली लाथाडली आणि पाठ फिरवून उभी राहिली!

"तिला कळतं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचं भाषण ऐन रंगात असताना आई सभागृहात शिरली. पायात गोठ्यातल्या चपला, काखेत पत्र्यावरचा मी. ती थेट नदीपाशी गेली आणि पत्र्याला हात घातला.

"आजी, ही समाजाची ठेव आहे," प्रमुख पाहुणे म्हणाले.

"असंल. पन आमच्या मालकांनी ठिवली माझ्या गोठ्यात. धार काढताना मला नदीकाठी बसल्यागत वाटावं म्हनून. त्यांचे खिळे मोकळे ऱ्हानार न्हाईत!"

"आई, लोक बघतायत," मी कुजबुजलो.

"बघू दे की. बघायलाच आलेत न्हवं?"

नदी उतरली. रिकाम्या जागी आईने मला टांगलं. "हे ठिवा हवं तितके दिवस," ती संयोजकांना म्हणाली, "घरी कुनाला लागत न्हाई."

त्या संध्याकाळी आईने पत्रा जागेवर ठोकून घेतला, पदराने पुसला आणि बराच वेळ बघत बसली. मग धारेला बसली. चंद्रीने बादली भरून दिली.

प्रदर्शन आठ दिवस चाललं. चिठ्ठी बदलायचं कुणाला सुचलं नाही. त्यामुळे आठही दिवस माझ्या टायखाली, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'कुटुंबाने जिवापाड जपलेले चित्र.'

वीस वर्षांच्या नोकरीत इतकी खोटी बातमी माझ्या हातून कधी गेली नव्हती.